भाकरी येते, बाजाराचे काय? सोलापूरच्या छोट्या उद्योजिकांसाठी प्रशिक्षण आणि ओळखीपाळखीचा हिशेब

सोलापुरात महिलांसाठी प्रशिक्षणाचा फलक लागला की त्यावर काय असणार हे न वाचताही सांगता येते : पापड, लोणची, मसाले, शिवणकाम, ब्युटी पार्लर, आणि दिवाळी जवळ आलेली असेल तर पणत्या आणि उटणे. ज्या शहरात शेंगांची चटणी तेल सुटेपर्यंत उखळात कुटण्याची रीत घरोघरी आहे, आणि ज्वारीची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकेल अशी वाळवण्याचे कसब आजीकडून नातीकडे आपसूक येते, त्या शहरातल्या बाईला चटणी-भाकरी शिकवण्याची निकड किती, हा प्रश्न मात्र फलक लावणाऱ्यांना सहसा पडत नाही. तिचे अडते ते निराळ्याच ठिकाणी. पाकिटाची किंमत काय लावावी, दुकानदाराने तीन महिने पैसे थकवले तर काय करावे, पुण्याच्या दुकानापर्यंत माल कोणाच्या हातून पोहोचवावा, बँकेत कोणत्या टेबलासमोर जाऊन बसावे, हे तिला कोणी शिकवलेले नसते आणि सांगू शकेल असे माणूसही तिच्या ओळखीत नसते.

यांतली काही उणीव प्रशिक्षणाने भरून निघते आणि उरलेली ओळखीपाळखीने, ज्याला हल्ली सगळेच नेटवर्किंग म्हणतात. दोन्हींच्या संधी सोलापुरात आहेत आणि बऱ्याचशा विनामूल्यही आहेत. परंतु त्या वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेल्या आहेत, आणि त्यांची नावे इतकी लांबलचक आहेत की ती ऐकूनच निम्म्या जणी मागे फिरतात. म्हणून कोणत्या अडचणीसाठी कोणते दार ठोठावावे, हे येथे उलगडून सांगायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : जे आपल्याला येते त्याचे प्रशिक्षण घेण्यात वेळ घालवू नये, आणि जे येत नाही त्याच्या प्रशिक्षणाला जाताना शिकवणाऱ्याइतकेच शेजारी बसलेल्या बाईकडेही लक्ष द्यावे.

आधी घोडे कुठे अडले आहे ते पाहावे

समजा, जुळे सोलापूर भागातली एक बाई जावेच्या मदतीने दिवसाला १०० कडक भाकऱ्या करते आणि पाच-पाच भाकऱ्यांची २० पाकिटे भरते. हिशेब समजण्यापुरते काही आकडे धरू. पिठाचे २५० रुपये, गॅसचे १२० आणि पाकिटे व लेबले यांचे १००, असा एकूण ४७० रुपये खर्च येतो, म्हणजे पाकिटामागे साडेतेवीस रुपये. ओळखीच्या घरांत ती पाकीट ४० रुपयांना देते आणि आपल्याला पाकिटामागे साडेसोळा रुपये सुटतात असे समजते. या हिशेबात तिची आणि जावेची मिळून आठ तासांची मेहनत कुठेच धरलेली नाही. तासाला केवळ ५० रुपये धरले तरी ४०० रुपये वाढतात, खर्च ८७० वर जातो आणि एक पाकीट साडेत्रेचाळीस रुपयांना पडते. भाकरी वाळवताना आणि भरताना मोडते, हे करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. रोजचे एक पाकीट असे वाया गेले, तर उरलेल्या १९ पाकिटांवर तो बोजा पडून पाकीट सुमारे ४६ रुपयांवर येते. म्हणजे ४० रुपयांना विकून ती पाकिटामागे स्वतःच्या मजुरीतले सहा रुपये गिऱ्हाइकाला देत आहे.

आता दुकानदार येतो. तो छापील किमतीवर २० टक्के कमिशन मागतो. किंमत ४० ठेवली तर तिच्या हातात ३२ रुपये येतील, आणि हा व्यवहार जितका वाढेल तितका तोटा वाढेल. किंमत ६० छापली तर दुकानदाराला १२ जाऊन तिला ४८ मिळतात, म्हणजे मजुरी सुटून वर दोन रुपये. मग प्रश्न असा उरतो की ६० रुपयांना हे पाकीट कोण घेईल. शेजारची घेणार नाही, कारण ती स्वतः भाकरी करते. ते घेईल पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले सोलापूरकर कुटुंब, किंवा अक्कलकोटला दर्शनाला येऊन परत निघालेला भाविक. इथपर्यंत येता येता प्रश्न भाकरीचा राहिलेलाच नाही; तो गिऱ्हाईक कुठे आहे आणि त्याच्यापर्यंत कोण पोहोचवील याचा झाला आहे.

हा हिशेब शिकायला अर्धा दिवस पुरतो. तरीही वर्षानुवर्षे उद्योग करणाऱ्या कित्येक जणींनी तो कधी मांडलेला नसतो, कारण घरातल्या बाईच्या वेळेला किंमत असते ही गोष्टच आपल्याकडे हिशेबात धरण्याची सवय नाही. पूर्व भागात नगावर शिलाई करणाऱ्या महिलांचेही असेच आहे : नगामागे ठरलेल्या दरातून दोरा, सुया, वीज, मशिनची दुरुस्ती आणि माल पोहोचवण्याचे रिक्षाभाडे वजा केल्यावर तासाला काय पडते, हे एकदा कागदावर मांडल्याशिवाय दर वाढवून मागण्याची हिंमत येत नाही. प्रशिक्षण निवडण्याआधी प्रत्येकीने आपला असा एक कागद तयार करावा. भाव चुकत असेल तर हिशेबाचे प्रशिक्षण हवे. भाव बरोबर असून माल पडून राहत असेल तर विक्रीचे आणि ओळखींचे बघावे. मागणी असून पुरवठा जमत नसेल तर भांडवलाचे. तिन्ही दुखण्यांना पापडाचे प्रशिक्षण हा उतारा नाही.

ओळखीच्या माणसांत नवी बातमी नसते

नेटवर्किंग म्हटले की इंग्रजी बोलणारी, हातात कार्ड घेऊन हॉटेलात फिरणारी माणसे डोळ्यांसमोर येतात आणि बाई म्हणते, हे आपले काम नव्हे. प्रत्यक्षात भिशी, हळदीकुंकू, बचत गटाची बैठक, नळावरच्या गप्पा ही सगळी जाळीच आहेत, आणि सोलापूरच्या महिलांची ती पुष्कळ घट्ट आहेत. अडचण त्यांच्या घट्टपणातच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, त्यात बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावातील माणसांना नोकऱ्या कशा लागल्या याचा अभ्यास होता. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती बातमी जिवलगांकडून मिळालेली नव्हती, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळालेली होती. कारण साधे आहे : आपल्या जिवलगांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, आणि नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडून.

हे सोलापूरला लावून पाहावे. शाळेच्या गणवेशांसाठी हे शहर नावाजलेले आहे आणि त्या कामातला मोठा भाग महिलांच्या हातून जातो. एकाच गल्लीतल्या दहा जणी एकाच ठेकेदाराकडून कापलेला माल आणतात, तेव्हा त्या दहाही जणींना एकच दर ठाऊक असतो आणि तोच बाजारभाव आहे असे वाटत राहते. दोन किलोमीटरवर दुसरा कारखानदार काय देतो, कर्नाटकातल्या कोणत्या शाळांची मागणी कोणत्या महिन्यात येते, ही माहिती त्या दहा जणींत कितीही गप्पा मारल्या तरी निर्माण होणार नाही. बिडी वळणाऱ्या महिलांचे तर सगळे व्यावसायिक जग पाने आणि तंबाखू देणाऱ्या एका दारापाशी येऊन थांबते. म्हणून आपली ओळख वाढवायची म्हणजे आणखी मैत्रिणी करायच्या असे नाही. आपल्या वर्तुळाबाहेरची थोडी माणसे जोडायची, जसे की एखादा पाकिटे पुरवणारा, एखादी हिशेबनीस, दुसऱ्या तालुक्यातली एक उद्योजिका, बँकेतला एक अधिकारी.

सोलापुरात या बाहेरच्या वर्तुळाला भाषेचीही भिंत असते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, काही वस्त्यांत उर्दू. प्रशिक्षण मराठीत असले आणि कागदपत्रे इंग्रजीत असली की अशी बाई मान डोलावत बसते आणि घरी जाऊन विसरते. नाव नोंदवतानाच शिकवणारे कोणती भाषा बोलतात हे विचारण्यात संकोच करू नये. उलट बाजूने पाहिले तर तीन भाषा येणारी सोलापूरची बाई हैदराबाद आणि कलबुर्गीच्या बाजारात दोन पावले पुढे असते, आणि ही शिदोरी कोणत्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

गट ही शेवटची पायरी नव्हे, पहिली

ग्रामीण भागात ‘उमेद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवनोन्नती अभियानात बचत गटांवर गावाचा ग्रामसंघ आणि त्यावर अनेक गावांचा प्रभागसंघ अशी उतरंड आहे. गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताई आणि बँकेच्या कामात हात देणाऱ्या बँक सखी या त्याच व्यवस्थेतल्या प्रशिक्षित महिला असतात. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, हेही गट बांधते आणि त्यांच्यासाठी लोकसंचालित साधन केंद्रे चालवते. बहुतेक महिलांचा संबंध मात्र गटाच्या मासिक बैठकीपुरता आणि कर्जाच्या हप्त्यापुरता राहतो. ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या बैठकीला कोणी जायचे हा प्रश्न आला की प्रत्येक गट ते काम अध्यक्ष-सचिवांवर ढकलतो, आणि नेमकी लांबची ओळख मिळण्याची जागा त्या दोघींच्या वाट्याला जाते. ज्यांना उद्योग वाढवायचा आहे त्यांनी हे ओझे स्वतःहून मागून घ्यावे. मोहोळच्या बाईला सांगोल्याची बाई भेटते ती अशाच बैठकीत, आणि एकीकडे डाळिंब व दुसरीकडे ज्वारी असेल तर दोघींचा माल एका गाडीत जाऊ शकतो.

एकत्र आलेल्या महिलांनी काय होते याचे उदाहरण शेजारीच आहे. माळशिरस तालुक्याला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण महिलांची माणदेशी सहकारी बँक १९९७ मध्ये उभी राहिली. परवान्यासाठीचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण त्यावर संस्थापक महिलांपैकी अनेकींच्या सहीऐवजी अंगठे होते. त्या महिला लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचे गणित आम्ही तोंडी करतो, तुम्हीही करा आणि बघू कोण आधी सांगते. पुढे याच प्रयत्नातून उद्योजिकांसाठी शाळा निघाली, आणि ती बसमध्ये बसून गावोगावीही पोहोचली. सोलापूर शहरात उद्योगवर्धिनीसारखी संस्था खाद्यपदार्थ आणि शिवणकाम करणाऱ्या महिलांना एकत्र आणून काम देते. एकटीने भाकरी विकणे आणि अशा संस्थेच्या मागणीत आपला वाटा उचलणे यांत नफ्याचा फरक असेलच, पण मोठा फरक शिकण्याचा आहे : शंभर किलोची मागणी वेळेवर कशी पुरी करतात हे एकदा आतून पाहिलेली बाई पुढे स्वतःची मागणी घ्यायला घाबरत नाही.

कोणते प्रशिक्षण कोणाकडे

नव्याने सुरुवात करणाऱ्या, विशेषतः ग्रामीण भागातल्या महिलेसाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला सगळे ‘आरसेटी’ म्हणतात. ही कल्पना १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे येथे सुरू झालेल्या रुडसेटी या संस्थेवरून घेतलेली आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात हे केंद्र बँक ऑफ इंडिया चालवते. प्रशिक्षण, जेवण आणि राहणे विनामूल्य असते. शिवणकामासारखा अभ्यासक्रम साधारण महिनाभराचा असतो. त्याचे खरे महत्त्व दोन गोष्टींत आहे, ज्या जाहिरातीत ठळक नसतात. पहिली अशी की कौशल्याबरोबर हिशेब, बाजारपाहणी आणि बँकेचे व्यवहारही शिकवले जातात. दुसरी अशी की प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत आहे, आणि संस्था बँकेचीच असल्यामुळे कर्जाच्या अर्जाला निदान कोणीतरी ओळखणारे असते. हा पाठपुरावा आपोआप होईल या भरवशावर मात्र राहू नये. दर दोन महिन्यांनी आपणच फोन करावा.

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही राज्याची संस्था उद्योग कसा उभारावा, प्रकल्प अहवाल कसा करावा यांवर भर देते, आणि तिची माहिती जिल्हा उद्योग केंद्रातून मिळते. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांनी कृषी विज्ञान केंद्र विसरू नये. सोलापुरात खेड येथे आणि मोहोळला अशी केंद्रे आहेत. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हे तर देशभरातले शेतकरी जिथे येतात असे ठिकाण, आणि डाळिंबाचे दाणे, रस यांचा विचार करणाऱ्या महिलेच्या अगदी दाराशी आहे. शिंपी, चर्मकार, टोपल्या विणणारे, हार गुंफणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असते, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो, त्यामुळे नाव पतीचे द्यायचे की काम करणाऱ्या बाईचे, हे घरात आधी ठरवावे. सोलापूरकरांना चुकल्यासारखे वाटेल, पण विणकर या १८ व्यवसायांत नाहीत.

सगळ्यांत जास्त गैरसमज कर्जाला जोडलेल्या प्रशिक्षणांबद्दल आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीमध्ये, महिलांना स्वतःचे भांडवल फक्त ५ टक्के घालावे लागते, आणि अनुदान शहरात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के तर ग्रामीण भागात ३५ टक्के असते. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख आहे. अनेकींना वाटते की अनुदानाची रक्कम हातात येईल. तसे होत नाही. ती कर्ज देणाऱ्या बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहते, तेवढ्या रकमेवर व्याज दिले जात नाही आणि घेतलेही जात नाही, आणि उद्योग चालू असल्याची खात्री पटल्यावर ती कर्जात वळती होते. म्हणजे दहा लाखांच्या प्रकल्पात अनुदान अडीच लाखांचे असले तरी पहिली तीन वर्षे उद्योग स्वतःच्या पायांवर चालवायचा आहे, आणि या कार्यक्रमाला जोडलेले उद्योजकता प्रशिक्षण त्यासाठीच आहे. ते उपचार म्हणून उरकू नये. छोट्या गरजेसाठी मुद्रा कर्ज पुरते : शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तेही तारण न मागता.

खाद्यपदार्थांच्या छोट्या उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत यंत्रसामग्रीला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल अशी रचना केली गेली. येथे लक्षात ठेवण्याजोगी व्यक्ती म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती. प्रकल्प अहवाल, परवाने, बँकेचा अर्ज यांत मदत करणे हे तिचे काम आणि त्याचा मोबदला तिला योजनेतून मिळतो. अर्जदाराने तो द्यायचा नसतो. कोणतीही योजना असो, तिची मुदत चालू आहे ना आणि निधी शिल्लक आहे ना, एवढे कार्यालयात जाऊन आधी विचारावे.

मागे एका तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी स्वतः बसले होते. पहिली सकाळ सत्कारात गेली, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना उशीर झाला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्रे वाटून गटाचा फोटो काढला गेला. पण जेवणाच्या सुट्टीत बार्शीच्या एका बाईने मला लेबले छापणाऱ्याचा पत्ता आणि उधारी वसूल करण्याची तिची पद्धत सांगितली, आणि त्या वीस मिनिटांनी तीन दिवस वसूल झाले. तेव्हापासून मी प्रत्येक प्रशिक्षणात जेवायला अनोळखी बाईशेजारीच बसते.

कागदावर नाव कोणाचे

ओळखी आणि प्रशिक्षण यांचा उपयोग कागद नसेल तर अर्धाच राहतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे विनामूल्य आहे. चौकातला एजंट तिच्यासाठी हजार-दीड हजार मागत असेल तर तो फॉर्म भरण्याची मजुरी मागतो आहे, सरकारी शुल्क नव्हे. महत्त्वाचा मुद्दा मालकीचा आहे. कित्येक घरांत उद्योग बाई चालवते आणि नाव नवऱ्याचे असते, किंवा उलट, कर्ज मिळावे म्हणून नाव बाईचे आणि सही करण्यापलीकडे तिला काही ठाऊक नसते. केंद्र सरकारची मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांना आपल्या वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा लागतो, आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. ही खरेदी मुख्यतः जेम या सरकारी ऑनलाइन बाजारपेठेवर होते. गणवेश, चादरी, टॉवेल हे सगळे तेथे विकले जाते, आणि सोलापुरी चादरीला तर भौगोलिक मानांकनही आहे. नाव खरोखर महिलेचे असेल तरच हे दार उघडते.

थकलेल्या पैशांसाठीही कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि सरकारी पोर्टलवरून तक्रार करता येते. नुसता माल आणून विकणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही, बनवणाऱ्यांना मिळते. गल्लीतल्या दुकानदाराविरुद्ध कोणी लगेच तक्रार करणार नाही, हे मान्य. तरी बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असली की बोलण्याचा सूर बदलतो.

खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व टिकण्याची तारीख, किंमत, पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह पाकिटावर हवे. शेंगदाणा अनेकांना बाधतो, म्हणून शेंगांच्या चटणीवर तसा उल्लेख स्वतंत्र लागतो. घरगुती पाकिटांवर बहुधा हीच ओळ राहून जाते आणि मोठे दुकान त्यावरच बोट ठेवते.

गड्ड्याची यात्रा, सरस आणि वही

प्रदर्शनात बसलेल्या बाईला संध्याकाळी सगळे एकच विचारतात : आज किती विकले? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात राज्यभरचे बचत गट असतात आणि उमेदच्या जिल्हा कार्यालयामार्फत तेथे जाता येते. तेथे दहा दिवसांत विकलेला माल संपतो, पैसे खर्च होतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. टिकतात ते पत्ते. म्हणून गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी, आणि दोनपेक्षा जास्त पाकिटे घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, फोन आणि काय घेतले हे लिहावे. शेजारच्या चार स्टॉलवाल्यांचेही लिहावे, कारण कोल्हापूरच्या स्टॉलवर उद्या आपली चटणी ठेवता येते आणि त्यांचा गूळ आपल्याकडे. आठ दिवसांच्या आत फोन केला तर लोकांना आपण आठवतो, महिन्याने केला तर पुन्हा सगळे सांगावे लागते.

शहरांतून आठवड्याला सकाळी भेटून एकमेकांना गिऱ्हाइके सुचवणारे सशुल्क व्यावसायिक गटही असतात. त्यांत एका धंद्यातला एकच सदस्य घेतात. वार्षिक शुल्क भरण्याआधी एकदा पाहुणी म्हणून जाऊन बसावे आणि तेथली माणसे आपले गिऱ्हाईक होऊ शकतात का ते पाहावे. कार्यालयांना डबे पुरवणाऱ्या बाईला असा गट फळू शकतो, पिको-फॉलचे काम करणाऱ्या बाईला बहुधा नाही. सकाळी सातची वेळ मुलांच्या डब्याला आणि काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याला छेद देते, हे सोलापूरच्या बाईला वेगळे सांगायला नको. महिलांसाठी बैठका ठेवणाऱ्यांनी निदान पाण्याचा दिवस टाळावा. आणि ज्या गटात माल विकण्यापेक्षा खाली सदस्य जोडण्याचे पैसे जास्त मिळतात, ती साखळी आहे. तेथे आधी भरडली जाते ती आपली भावजय आणि शेजारीण.

हे सगळे एका वर्षात बसवायचे तर पंचांग हाताशी घ्यावे. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा होम मैदानावर माणसांचा पूर असतो. त्या गर्दीत उभे राहायचे असेल तर किमतीचा कागद गणपतीपर्यंत, उद्यम आणि अन्नसुरक्षेची नोंदणी दसऱ्यापर्यंत आणि नवे लेबल दिवाळीपर्यंत झालेले हवे, म्हणजे दिवाळीच्या फराळाबरोबर पाकिटाची चाचणी घेता येते. यात्रेतल्या वहीतून परगावच्या पन्नास जणांचे फोन मिळाले तर संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पहिला फोन करावा, उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी-सासरी येणारी माणसे सोलापूरहून परतण्याआधी दुसरा, आणि आषाढीला पंढरपूरला कोण कोण येणार आहे हे विचारायला तिसरा.